गोट्यांखाली कोण आहे? ओढ्यातल्या कामाच्या तारखा आणि परवाने

प्रश्न असा आला आहे: थंड पाण्याच्या, ट्राउट असलेल्या एका ओढ्यावरची जुनी पाइपाची मोरी काढून तिथे रुंद चौकोनी मोरी बसवायची आहे. काम तीन आठवड्यांचं. परवान्यात अट अशी की पात्रात उतरायचं ते फक्त १५ जुलै ते ३० सप्टेंबर. ठेकेदार मोकळा होतोय नोव्हेंबरात. तेव्हा पाणीही बेताचंच असतं आणि मासा एकही दिसत नाही. मग नोव्हेंबरची परवानगी का मिळू नये?

मिळणार नाही. आणि मासा दिसत नाही, हेच त्याचं कारण आहे.

मी बरीच वर्षं असे अर्ज तपासण्याच्या बाजूला होतो. आता अर्ज करणाऱ्यांच्या बाजूला आहे. दोन्हीकडे एकच गैरसमज भेटतो: पाणी कमी म्हणजे धोका कमी. ब्राउन ट्राउट आणि ब्रुक ट्राउट शरद ऋतूत वितात. मादी डोह संपून खळाळ सुरू होतो त्या जागी, शेपटीच्या फटकाऱ्यांनी गोट्यांत खळगा करते, अंडी घालते आणि लगेच वरच्या अंगाचे गोटे उडवून तो खळगा बुजवते. मग नर-मादी तिथून निघून जातात. वरून बघाल तर आजूबाजूच्या शेवाळलेल्या तळापेक्षा थोडा उजळ, नुकताच धुतल्यासारखा गोट्यांचा पट्टा दिसेल, बस्स. अंडी असतात त्याच्या खाली, वीतभर खोल. ओढ्याचं पाणी गोट्यांमधल्या फटींतून झिरपत राहतं, त्यातून त्यांना प्राणवायू मिळतो आणि त्यांचा मळही वाहून जातो.

आता वरच्या अंगाला पोकलेन उतरवा. गाळ उठतो, खाली जाऊन बसतो आणि फटी बुजतात. मिलिमीटरपेक्षा बारीक वाळू आणि चिकणमाती सगळ्यात वाईट. अंडी गुदमरतात. काही जगलीच, तर पुढचं संकट ठरलेलं: अंड्यातून बाहेर आलेलं पिल्लू पोटाला बलकाची पिशवी घेऊन आणखी काही आठवडे गोट्यांतच राहतं, आणि वर यायची वेळ होते तेव्हा त्याच्या डोक्यावर गाळाचं झाकण बसलेलं असतं. मोठा मासा गढूळ पाणी टाळून दुसऱ्या डोहात जातो. अंड्याला जाता येत नाही. माझ्या दृष्टीने तारखांचा सगळा हिशोब या एका गोष्टीवर उभा आहे.

अंडी किती दिवस गोट्यांत राहतात? ते पाण्याच्या तापमानावर ठरतं. ब्रुक ट्राउटची अंडी १० अंश सेल्सिअसला साधारण ४४ दिवसांत फुटतात, पण पाणी २ अंशांच्या आसपास असेल तर तेवढ्यालाच १४० च्या वर दिवस लागतात. म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात घातलेली अंडी भर हिवाळाभर तिथेच. ती पिल्लं वसंतात वर येतायत तोवर वसंतात विणाऱ्या जातींचा हंगाम उभा राहतो. रेनबो ट्राउट त्यातलीच. तिची अंडी १० अंशांना ३१ दिवसांत फुटतात, साडेचार अंशांना ८० दिवस घेतात. कॅलेंडर असं दोन्ही टोकांनी भरत येतं. मधे उन्हाळ्याच्या उत्तरार्धात जी थोडी फट उरते, तीच तुमच्या परवान्यात लिहिलेली आहे. कुणी मोठ्या मनाने ‘हे घ्या दहा-अकरा आठवडे’ म्हणून दिलेली नाही. बाकीच्यांचं वाटून झाल्यावर उरलेली आहे.

म्हणून दुसऱ्या ओढ्याच्या तारखा उचलून आपल्या अर्जात चिकटवू नका. ओरेगॉन आणि वॉशिंग्टन या अमेरिकी राज्यांत तारखांचे तक्ते प्रवाहानुसार, जिल्ह्यानुसार दिलेले असतात, कारण एकाच नदीच्या वरच्या आणि खालच्या भागातले मासे वेगळे. मोसमी पावसाच्या नद्यांत तर हिशोबच उलटा: रोहू, कटला, मृगळ हे पुराच्या पाण्यावर, पावसाळ्यात वितात. तिथे जुलै-ऑगस्ट हा कामाचा काळ ठरवला तर अनर्थ होईल.

एकाच ओढ्यातही सगळ्यांचं जमतंच असं नाही. पूर्व अमेरिकेतला हेलबेंडर हा मोठा सॅलमँडर उन्हाळा सरताना अंडी घालतो आणि नर मोठ्या दगडाखाली त्यांची राखण करतो. म्हणजे ट्राउटसाठी काढलेल्या मोकळ्या काळाची शेपूट नेमकी त्याच्या विणीवर पडते. लॅम्प्रीचं, म्हणजे वामीसारख्या लांबट, जबडा नसलेल्या माशाचं, आणखी अवघड. तिच्या अळ्या काठालगतच्या मऊ गाळात कित्येक वर्षं राहतात. पॅसिफिक लॅम्प्रीच्या बाबतीत तीन ते सात. त्यांच्यासाठी वर्षात कुठलीच तारीख सुरक्षित नाही. गोड्या पाण्यातले शिंपलेही तसेच, बाराही महिने जागच्या जागी. अशांसाठी तारखा कामाला येत नाहीत, हातांनी उचलून हलवावं लागतं आणि ते काम आधीच्या सर्वेक्षणात धरलेलं असावं लागतं. ‘आम्ही तारखा पाळल्या’ एवढ्यावर ज्याचा अर्ज संपतो, त्याने ओढा नीट पाहिलेला नसतो, असा माझा अनुभव आहे.

एक आक्षेप हमखास येतो. मोरी आपण माशांसाठीच रुंद करतोय ना, मग माशांच्याच नावाने अडवणूक कशाला? वॉशिंग्टन राज्यातल्या मोऱ्यांचा प्रसिद्ध खटला आठवा. सॅमनची वाट अडवणाऱ्या शेकडो मोऱ्या बदलण्याचा आदेश २०१३ मध्ये निघाला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ४-४ अशी समसमान मतं पडल्याने तो कायम राहिला. त्या मोऱ्या बदलतानाही पात्रातल्या कामाच्या तारखा पाळाव्याच लागतात. हेतू चांगला असला म्हणून गाळ कमी उठत नाही.

आता परवान्यांकडे. देशागणिक नावं बदलतात, सांगाडा तोच राहतो: पात्रात भर घालण्यावर किंवा खोदण्यावर एक खातं, पाण्याच्या गुणवत्तेवर दुसरं, दुर्मीळ जातींवर तिसरं. अमेरिकेत १९७२ च्या स्वच्छ जल कायद्याच्या कलम ४०४ खाली लष्कराच्या अभियंता दलाचा परवाना, कलम ४०१ खाली राज्याचं पाणी-गुणवत्ता प्रमाणपत्र आणि संकटग्रस्त जाती असतील तर १९७३ च्या कायद्याच्या कलम ७ खाली सल्लामसलत. वॉशिंग्टनमध्ये त्यावर पात्रातल्या कामांसाठी राज्याची स्वतंत्र ‘हायड्रॉलिक’ मंजुरी, जिचा कायदा १९४३ पासूनचा आहे. कॅनडात मत्स्य कायदा. माशांच्या अधिवासाची हानी, बदल किंवा नाश यावरची सरसकट बंदी २०१९ च्या दुरुस्तीने त्यात परत आली. इंग्लंडमध्ये नदीलगतच्या कामांना २०१६ च्या नियमांनुसार पूर-जोखीम परवाना लागतो, शिवाय विणारे मासे किंवा त्यांची अंडी जाणूनबुजून विस्कटणं १९७५ च्या सॅमन व मत्स्य कायद्याखाली गुन्हा आहे.

यातली प्रत्येक खिडकी स्वतःच्या तारखा आणि अटी घालते आणि त्या एकमेकांशी जुळवून देणं हे कुणाचंच काम नसतं. सगळ्या अटी एका कागदावर आणा. दोन तारखांत फरक असेल तर कडक तारीख धरा. एकाच कामाच्या दोन परवान्यांत फक्त दोन आठवड्यांचा सामाईक काळ उरलेला मी पाहिला आहे, आणि तो कुणाच्या लक्षात आला केव्हा, तर यंत्रं जागेवर पोचल्यावर.

मुदतींचं गणित उलटं मांडायचं. अमेरिकेतलंच उदाहरण घेतो, कारण तिथले आकडे कायद्यात लिहिलेले आहेत. छोट्या कामांसाठी जे सर्वसाधारण परवाने आहेत, त्यांत पूर्वसूचनेवर ४५ दिवसांत उत्तर आलं नाही तर सहसा काम सुरू करता येतं. पण त्या भागात संकटग्रस्त जात असेल तर ही सवलत मिळत नाही, लेखी होकारासाठी थांबावंच लागतं. कलम ७ ची औपचारिक सल्लामसलत ९० दिवसांची, त्यावर जैविक मत (कामाचा त्या जातीवर काय परिणाम होईल याचं लेखी मत) लिहायला ४५, एकूण १३५. पंधरा जुलैला पात्रात उतरायचं तर ही सल्लामसलत २ मार्चला सुरू व्हायला हवी. आणि घड्याळ चालू होतं ते अर्ज ‘पूर्ण’ ठरल्यावर, तुम्ही तो टपालात टाकलात तेव्हा नाही. त्याआधी सर्वेक्षण, आराखडा, दुरुस्त्या. म्हणजे आदल्या शरदात कामाला लागायचं. तीन आठवड्यांच्या कामाला नऊ महिन्यांची तयारी लागते हे मालकाला पहिल्याच बैठकीत सांगा. नंतर सांगितलं की ते कारण वाटतं, आधी सांगितलं की नियोजन.

अर्जात तपासनीस काय शोधतो? नकाशांची जाडी नक्कीच नाही. मी चाळीस-चाळीस पानी आराखडे परत पाठवले आहेत, कारण उपसलेलं गढूळ पाणी कुठे सोडणार हे त्यात एका ओळीनेही सांगितलेलं नव्हतं. मला हवं असायचं ते एवढंच: ओढा नेहमी भरून वाहतो तेव्हा पाणी काठावर जिथवर चढतं ती रेषा छेदचित्रावर कुठे आहे, त्या रेषेखाली नेमकं काय आणि किती दिवस होणार, ओढा कसा वळवणार, पंप बंद पडला तर काय, आणि मासे कोण उचलणार. कामाचा क्रम दिवसागणिक लिहिलेला असेल तर अर्धे प्रश्न तिथेच मिटतात.

तुमच्या नोव्हेंबरच्या ठेकेदाराचं काय करायचं, ते सांगतो. तारखांची अट असते पात्रातल्या कामाला. काठावर, त्या रेषेच्या वर, बरंच काही करता येतं. चौकोनी मोरीचे भाग कारखान्यात ओतून घ्या, हिवाळ्यात तयार करून ठेवा. पोचरस्ता, साठवणीची जागा, गाळ अडवायची कुंपणं, केबल आणि पाइपलाइन हलवणं, सगळं आधी. झाडं तोडायची असतील तर तीही हिवाळ्यातच, कारण वसंतात पक्ष्यांची घरटी आडवी येतात. हे कॅलेंडर माशांच्या बरोबर उलट चालतं आणि लोक त्यात हमखास फसतात. मात्र उघड्या मातीवरून पावसाचं पाणी ओढ्यात गेलं तर काठावरचं कामही पात्रातलंच ठरतं, हे ठेकेदाराला बजावून ठेवा. जागेवर काँक्रीट ओतायचे तीन आठवडे तयार भाग वापरून एका आठवड्यावर आणता येतात. मग ज्याला जुलैत तीन आठवडे नाहीत त्याला सहा दिवस तरी सापडतील.

ते सहा दिवस कसे जावेत? आधी कामाच्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला जाळी लावा आणि दुसरी जाळी घेऊन मासे हळूहळू खाली हाका. पट्टा रिकामा झाला की खालचं टोकही बंद. उरलेले मासे परवानाधारक जीवशास्त्रज्ञाने हातजाळीने किंवा पाण्यात वीज सोडून मासे थोडा वेळ गुंगवणाऱ्या यंत्राने काढायचे. अमेरिकेच्या सागरी मत्स्य खात्याच्या २००० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पाणी १८ अंशांच्या वर असेल तर विजेचं यंत्र वापरायचं नाही, आणि विणीच्या खळग्यांजवळ तर कधीच नाही. उन्हाळी कामाची ही दुसरी बाजू: १० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ११.३ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, २० अंशांच्या पाण्यात ९.१. गरम पाण्यात, बादलीत दाटीवाटीने ठेवलेला मासा सोडताना ठीक दिसतो आणि संध्याकाळी मरतो. म्हणून हे काम पहाटे करा, बादल्या सावलीत ठेवा आणि त्यांत हवा सोडत राहा.

मग वर वाळूच्या मोठ्या पोत्यांचा आणि प्लॅस्टिकच्या कापडाचा बांध. पाणी उताराने पाइपातून नेता येत असेल तर तेच उत्तम, कारण उताराला डिझेल लागत नाही. पंप लावणार असाल तर तोंडाला जाळी हवी. सॅमन कुळातल्या पिल्लांसाठी अमेरिकेत तिची भोकं २.३८ मिलिमीटरपेक्षा मोठी चालत नाहीत. दुसरा पंप जागेवर, इंधन भरलेला आणि चालवून पाहिलेला. रात्री दोन वाजता पंप बंद पडतो, ही भीती घालण्यासाठी सांगत नाही, तो तसाच बंद पडतो. पट्टा एकदम कोरडा करू नका, पाणी काही तासांत हळूहळू उतरवा. लॅम्प्रीच्या अळ्या गाळातून वर यायला वेळ घेतात आणि बऱ्याचदा अंधार पडल्यावरच येतात. त्या रात्री बॅटऱ्या आणि बादल्या घेऊन दोन माणसं हवीत. आतलं गढूळ पाणी गवताळ जमिनीवर किंवा गाळ गाळणाऱ्या पिशवीत, ओढ्यापासून लांब. ओल्या काँक्रीटला लागलेल्या पाण्याचा पीएच १२ च्या पुढे जाऊ शकतो, त्या पाण्याने मासे मरतात. सांधे भरताना लागणारं थोडं काँक्रीटसुद्धा पुरतं कडक होईपर्यंत वाहत्या पाण्यापासून लांबच ठेवा. खांब ठोकायचे असतील तर आवाजाचा वेगळाच विषय निघतो. कंपनाने खांब उतरवणारं यंत्र आधी वापरून पाहा, एवढंच इथे सांगतो.

सगळं सुरळीत झालं, आता ओढा परत सोडायचा. नेमकं इथेच बिघडतं. एका कामावर नऊ दिवस एक थेंब गढूळ झाला नाही. दहाव्या दिवशी दुपारी मुकादमाने पोकलेनच्या एका ओढीने वरचा बांध उचलला. घरी जायची घाई होती. खालचे तीन डोह चहाच्या रंगाचे झाले. त्याआधीचे नऊ दिवस कुणालाही आठवत नाहीत, अहवालात तोच अर्धा तास राहतो. खालचा बांध तसाच ठेवून वरून थोडंसं पाणी सोडा, नवा तळ धुऊन घ्या, पहिलं मळकं पाणी उपसून बाहेर टाका. स्वच्छ दिसायला लागलं की आणखी थोडं सोडा. पूर्ण प्रवाह यायला अर्धा दिवस गेला तर जाऊ द्या.

गढूळपणा मोजायचा तो एनटीयू या एककात, आणि दोन ठिकाणी: कामाच्या वर आणि कामाच्या खाली. वॉशिंग्टनच्या नियमांत बहुतेक ट्राउट-सॅमनच्या पाण्याला मूळ गढूळपणा ५० एनटीयूपर्यंत असेल तर त्यावर ५ ची वाढ चालते. मोजायची जागा प्रवाहावर ठरते: सेकंदाला २८० लिटरपर्यंतच्या लहान ओढ्यात कामापासून सुमारे ३० मीटर खाली. वरचं माप घेतलं नसेल तर आदल्या रात्रीच्या पावसाने आलेला गढूळपणाही तुमच्याच नावावर लागतो.

मुदतवाढीबद्दल दोन शब्द, कारण सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही ती मागणारच. अर्ज तपासायच्या सुरुवातीच्या वर्षांत मी सरसकट नाही म्हणायचो. एकदा काठाचं काम अर्धवट असताना मी चार दिवस नाकारले. नियमाने माझं बरोबर होतं. दोन आठवड्यांनी शरदातला पहिला मोठा पाऊस आला आणि तो अर्धवट काठ खालच्या खळाळावर, नेमका विणीच्या गोट्यांवर, जाऊन बसला. तेव्हापासून मी वेगळं विचारतो: ओढा वळवलेला आहे का? खाली पायी फिरून कुणी खळगे पाहिले का? पाणी किती थंड झालंय? उरलेलं काम आवरण्याचं आहे की नवं काही उघडण्याचं? वळवलेल्या, मासे काढलेल्या पट्ट्यात आवरायला चार दिवस द्यावेत. नवा खड्डा काढायला एक दिवसही देऊ नये. तुमचा मुदतवाढीचा अर्ज या चार प्रश्नांची उत्तरं घेऊन आला तर तो वाचला जाईल. ‘ठेकेदाराला उशीर झाला’ हे कारण कुठल्याच फाइलमध्ये टिकत नाही.

काही जण विचारतील, ओढा आटलाच असेल तर? पात्र खरोखर कोरडं असेल तर पुष्कळ ठिकाणी तारखांची अट शिथिल होते. पण कोरडं म्हणण्याआधी वर-खाली चालून डोह बघा आणि गोटे उकरून खाली पाणी झिरपतंय का ते बघा. उन्हाळ्यात आटणाऱ्या काही ओढ्यांत कोहो सॅमनची पिल्लं हिवाळ्यात पुरापासून आसरा घ्यायला येतात. तुम्ही बुजवलेला खड्डा कदाचित त्यांचा आसरा असतो. रस्ताच वाहून गेला असेल, म्हणजे खरी आणीबाणी असेल, तर तातडीची परवानगी बहुतेक ठिकाणी फोनवर सुरू होते. तेव्हा फक्त धोका टळेल एवढंच करायचं, कायमचं काम नेहमीच्या वाटेने.

तुमच्या बाबतीत या नोव्हेंबरात पात्राच्या बाहेरची कामं लावा आणि मोरीच्या भागांची ऑर्डर द्या. आणि एक दिवस स्वतःसाठी काढा: ऊन असलेल्या दुपारी, पाण्यावरची चकाकी कापणारा पोलराइज्ड चष्मा लावून मोरीच्या खाली दोनशे मीटर काठाकाठाने चाला. पाण्यात उतरू नका, पाय खळग्यावर पडेल. गोट्यांचे उजळ पट्टे दिसतील, ते मोजा, नकाशावर खुणा करा, फोटो काढा. तेच फोटो जुलैच्या अर्जाला जोडा.